खाणीविरुद्ध लिहिण्याआधी सड्याबद्दल लिहा

तुमच्या पत्राचा मथितार्थ असा: दक्षिण कोकणातलं गाव, गावामागच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या सपाट पठारावर, बॉक्साइटच्या खाणीचा प्रस्ताव. जमीन काही सरकारी, काही वनखात्याकडची, काही सामायिक सातबाऱ्याची. दीड महिन्यात जनसुनावणी होणार असं कानावर आलंय आणि गावात आत्ताच दोन तट पडलेत. मोर्चा काढायचा, कोर्टात जायचं, की एखाद्या मोठ्या संस्थेला हाक मारायची, असं तुम्ही विचारलंय.

कदाचित तिन्ही करावं लागेल. पण या आठवड्यात त्यातलं काहीच करू नका. पंधरा लिटरची बादली, सेकंद दाखवणारं घड्याळ आणि दोनशे पानी वही घ्या आणि सड्याखालच्या पहिल्या झऱ्यावर जा.

सिंधुदुर्ग, कोल्हापूर आणि गोव्याच्या हद्दीवरच्या गावांमध्ये मी पंचवीस वर्षं हे काम करतोय. हरलेल्या लढायांच्या फायली मी पुन्हा पुन्हा वाचल्यात. जवळपास प्रत्येकीत एकच चित्र दिसतं. कंपनीच्या कागदात डोंगर असतो. त्याची उंची, उतार, माती, झाडं, जनावरं, पाणी, सगळं त्यांच्या सल्लागाराच्या शब्दांत. गावाच्या कागदात फक्त विरोध असतो: "आमचा या प्रकल्पास तीव्र विरोध आहे", आणि खाली दोनशे सह्या. निर्णय घेणारे मुंबईत नाहीतर दिल्लीत बसतात. तुमचा सडा त्यांनी पाहिलेला नसतो आणि बहुधा ते पाहणारही नसतात. त्यांच्यापुढे डोंगराचं एकच वर्णन येतं, तेही खाण मागणाऱ्याने लिहून घेतलेलं. म्हणून खाणीबद्दल कमी लिहा, डोंगराबद्दल जास्त लिहा आणि जे लिहाल ते तारखेनिशी लिहा. बाकी सगळं याच्या मागून येतं.

सातबाऱ्यावर सड्याची नोंद बहुतेक ठिकाणी पोटखराबा, म्हणजे लागवडीला निरुपयोगी, अशी असते. सल्लागार कंपनीची माणसं पाहणीला येतात ती साधारण डिसेंबर ते मे या काळात, कारण पर्यावरण आघात अहवालासाठी पावसाळा सोडून एका हंगामाची, म्हणजे तीन महिन्यांची माहिती गोळा केली तरी चालते. त्या दिवसांत सडा काळा, तापलेला आणि गवत करपलेलं. मग अहवालात येतं, "खुरटं गवत, विरळ झुडपं, उल्लेखनीय वन्यजीव नाहीत." त्यांनी पाहिलं तेव्हा तिथे तेवढंच होतं. पण सडा जगतो तो जून ते ऑक्टोबर. पहिल्या सरी पडल्या की कातळावरच्या खळग्यांत पाणी धरतं, बेडकांची अंडी दिसू लागतात, जांभ्याचे सुटे दगड उचलले तर खाली देवगांडूळ, गांडुळासारखा दिसणारा बिनपायाचा उभयचर, सापडतं. श्रावण-भाद्रपदात सीतेची आसवं आणि गेंद फुलतात, कडेच्या उतारावर कंदीलपुष्पं असतात. साताऱ्याच्या ज्या कास पठाराचा २०१२ साली पश्चिम घाटाच्या ३९ ठिकाणांपैकी एक म्हणून जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला, तेही जांभ्याचं असंच पठार आहे. फरक एवढाच की कासला लोक पावसाळ्यात बघायला जातात आणि तुमच्या सड्यावर पावसाळ्यात फक्त गुराखी असतो.

हा गुराखी तुमचा सगळ्यात मोठा साक्षीदार. दुसरा साक्षीदार म्हणजे गावातल्या पोरांचे मोबाइल. सुनावणी पावसाच्या आधी असेल तर या वर्षीचा पावसाळा तुमच्या हाती लागणार नाही. पण गेल्या चार-पाच पावसाळ्यांत पोरं सड्यावर गेलेली असतात, फोटो काढलेले असतात. मित्रांचे फोटो, मागे फुलांचा गालिचा, बाजूला भरलेला खळगा. मूळ फोटोच्या फायलीत तारीख असते आणि लोकेशन चालू असेल तर जागाही असते. व्हॉट्सअॅपवरून आलेल्या प्रतीत बहुतेकदा ती निघून जाते, म्हणून ज्याने काढलाय त्याच्याच फोनमधून मूळ फाइल घ्या. एका गावात आम्ही असे साठेक फोटो एका रात्रीत जमवले होते. वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एका प्राध्यापकांनी त्यातल्या झाडांची नावं लावून सही करून दिली. "उल्लेखनीय वनस्पती नाहीत" या वाक्याला त्या साठ फोटोंचं उत्तर देणं सल्लागाराला जड गेलं.

आता पाणी. सड्याचा जांभा सच्छिद्र असतो. पाऊस त्यात मुरतो, खालच्या चिकणमातीच्या थरापाशी अडतो आणि उताराच्या कडेने झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडतो. बॉक्साइट नेमकं या वरच्या टोपीतच असतं. खाण म्हणजे ती टोपी काढणं. कंपनी म्हणेल, "आम्ही भूजल पातळीच्या वरच खोदणार आहोत, पाण्याला धोका नाही." विहिरीच्या पातळीच्या हिशेबात हे बरोबरही असेल. पण तुमचा झरा त्या टोपीत साठलेल्या पाण्यावर वाहतो, खालच्या विहिरीच्या पातळीवर नव्हे. हे वाक्य नुसतं बोलून उपयोग नाही, ते मोजून दाखवावं लागतं.

मोजायला फार शिकायला लागत नाही. झऱ्याच्या तोंडाशी पन्हळ लावा, बादली धरा, भरायला किती सेकंद लागले ते लिहा. तीनदा मोजा, सरासरी काढा. समजा वैशाखात पंधरा लिटरची बादली ४० सेकंदांत भरली. म्हणजे मिनिटाला साडेबावीस लिटर, दिवसाला ३२,४०० लिटर. जलजीवन मिशनचा हिशेब माणशी रोज ५५ लिटरचा आहे. त्या हिशेबाने एकटा हा झरा भर उन्हाळ्यात ५८० हून अधिक माणसांचं पाणी देतो. मग त्यावर किती घरं, किती गुरं, किती माडा-पोफळीच्या बागा अवलंबून आहेत ते लिहा. दर रविवारी त्याच वेळी मोजा. मोजणाऱ्याची सही, बरोबर असलेल्या दोघांच्या सह्या. सड्याच्या चारी बाजूंचे सगळे झरे, व्हाळांचे (ओढ्यांचे) उगम, सगळे एका हातनकाशावर दाखवा आणि त्यांना गाव ज्या नावाने ओळखतं तीच नावं द्या. सरकारी नकाशात झऱ्याला नाव नसतं. तुमच्या नकाशात असू दे.

एका जनसुनावणीतला प्रसंग सांगतो. मंडप भरलेला. दोन तास जोरदार भाषणं झाली, घोषणा झाल्या. मी मागे बसून अधिकाऱ्यांचा लेखनिक काय लिहितो ते बघत होतो. तो फक्त नाव लिहायचा आणि पुढे "प्रकल्पास विरोध दर्शवला". दोन तासांत त्याचं पान भरलं नव्हतं. मग एक साठीची बाई उभी राहिली. हातात नातवाची शाळेची वही. तिने वाचायला सुरुवात केली: अमुक झरा, अमुक तारीख, बादली इतक्या सेकंदांत. नऊ झरे, प्रत्येकाच्या सहा-सहा मोजण्या. लेखनिकाने मान वर केली आणि तो भराभर लिहू लागला. कुणीतरी मंचावरून विचारलं की हे आकडे कुणी काढले. ती म्हणाली, "मियाच मापलंय. खोटा वाटता तर चला, दाखवतंय." मंचावर जरा वेळ कुणी बोललं नाही. नियम असा आहे की सुनावणीत आलेल्या प्रत्येक मुद्द्याला अंतिम अहवालात उत्तर द्यावं लागतं. "विरोध" या शब्दाला "नोंद घेतली" एवढं उत्तर पुरतं. नऊ झऱ्यांच्या चोपन्न मोजण्यांना पुरत नाही. त्या प्रकरणात तज्ज्ञ समितीने पाण्याचा स्वतंत्र अभ्यास मागितला आणि गावाला दोन पावसाळे मिळाले.

सुनावणीचे नियम २००६ च्या पर्यावरण आघात अधिसूचनेत आहेत, ते पाठच करा. किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रांत नोटीस यायला हवी, एक मोठं दैनिक आणि एक स्थानिक भाषेतलं. अहवालाच्या प्रती जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद आणि जिल्हा उद्योग केंद्रात बघायला मिळायला हव्यात. सारांश मराठीत असायलाच हवा. पूर्ण अहवालही मराठीत द्या असा अर्ज सरपंचांच्या सहीने आजच टाका आणि पोच घ्या. सुनावणी प्रकल्पाच्या जागेवर किंवा अगदी जवळ व्हायला हवी. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हादंडाधिकारी दर्जाच्या खालचा नसलेला प्रतिनिधी असतो. गणपूर्तीची अट नाही. म्हणजे बहिष्कार टाकून सुनावणी रद्द होत नाही. गाव बाहेर घोषणा देत राहतं, आत वीस माणसांपुढे सुनावणी पार पडते आणि कागदावर ती झालेली असते. बहिष्काराच्या या सापळ्यात मी चांगली चांगली गावं अडकलेली पाहिलीत. आत जा. पूर्ण कामकाजाचं चित्रीकरण बंधनकारक आहे, तुम्हीही तुमचं करा. शेवटी इतिवृत्त स्थानिक भाषेत वाचून दाखवावं लागतं. ते वाचेपर्यंत एकानेही उठायचं नाही. लोक जेवायला निघून गेले की नेमकं तेव्हा इतिवृत्त वाचलं जातं. चुकीचं लिहिलं असेल तर तिथेच दुरुस्ती मागा. बोलणाऱ्या प्रत्येकाने आपलं म्हणणं लेखीही द्यावं, दोन प्रतींत, एकीवर शिक्का घेऊन.

आणि वाटून घ्या. एकाने झरे, एकाने गुरांची चरण, एकीने सड्यावरून आणायच्या रानभाज्या आणि औषधी, एकाने वाहतुकीचा रस्ता आणि शाळा, एकाने जनावरांच्या वाटा. चाळीस जणांनी एकच मुद्दा मांडला तर तो कागदावर एकच मुद्दा होतो.

जनावरांबद्दल थोडं. गवा, सांबर, शेकरू, खवले मांजर, धनेश यांच्यातलं जे दिसतं ते लिहा. पायाच्या ठशाचा फोटो काढताना बाजूला काडेपेटी ठेवा म्हणजे माप कळतं. कॅमेरा ट्रॅप मात्र वनजमिनीत परवानगीशिवाय लावू नका, उलट तुमच्यावरच गुन्हा दाखल होईल. वाघाचा ठसा मिळाला तर गाजावाजा न करता उपवनसंरक्षकांना लेखी कळवा. व्याघ्रप्रकल्पांना जोडणाऱ्या भ्रमणमार्गात प्रकल्प येत असेल तर वन्यजीव कायद्याच्या ३८-ओ कलमाखाली राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची वेगळी मान्यता लागते. वाघ हवाच असा हट्ट मात्र धरू नका. वाघ नसलेला सडाही तितकाच मोलाचा आहे. वाघावर सगळी भिस्त ठेवली आणि तो दिसला नाही, तर तुमची बाजू हकनाक लंगडी पडते.

आता जमिनीचे कागद, कारण पुढची निम्मी लढाई तलाठ्याकडे होते. प्रस्ताव परिवेश या केंद्राच्या पोर्टलवर सापडतो. त्यात गट क्रमांक असतात आणि नकाशाची केएमएल फाइल असते. ती गूगल अर्थवर उघडा आणि खाणीची हद्द नेमकी कुठून जाते ते पाहा. मी पाहिलेल्या निम्म्या प्रकरणांत तरी गावाला सांगितलेली हद्द आणि फाइलमधली हद्द वेगळी होती. प्रत्येक गटाचा सातबारा आणि फेरफार काढा. देवरहाटी, म्हणजे देवराई, आत येते का? आकारीपड, म्हणजे सारा थकल्याने सरकारजमा झालेली जमीन, आहे का? ३५ सेक्शनची, म्हणजे खासगी वनाची, नोंद आहे का? गावच्या वाटा आणि पाणवठे कुठल्या गटात आहेत? १९९६ च्या गोदावर्मन निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जंगल म्हणजे शब्दकोशातल्या अर्थाने जंगल, मालकी कुणाचीही असो. वनसंवर्धन कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर तो अर्थ आखडला जाईल अशी भीती होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन तोच अर्थ पुढे चालू ठेवायला राज्यांना सांगितलं. त्यामुळे पोटखराबा लिहिलेल्या गटावर राई असेल तर तीही मांडा.

वनजमिनीसाठी सगळ्यात भक्कम हत्यार २००६ चा वनहक्क कायदा आहे आणि कोकणात ते सगळ्यात कमी वापरलं गेलंय. "तो आदिवासींसाठी आहे" असं सर्रास सांगितलं जातं. इतर पारंपरिक वननिवासीही त्यात येतात. १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, वास्तव्य दाखवावं लागतं. जी गावं चारशे वर्षं देवाला गाऱ्हाणं घालतायत त्यांना हे अवघड नसावं. पण पुरावे शोधायला वेळ जातो, म्हणून आज सुरुवात करा. १० ते १५ जणांची वनहक्क समिती, त्यात किमान एक तृतीयांश बायका. ग्रामसभेला निम्म्या सदस्यांची गणपूर्ती. ग्रामपंचायतीच्या नेहमीच्या ग्रामसभेला १५ टक्के किंवा १०० मतदार चालतात, त्यामुळे लोक इथे चुकतात आणि ठराव एवढ्याशा कारणावरून बाद होतो. सामूहिक वनसंसाधनाचा हक्क मिळाला की राखणं आणि सांभाळणं हा गावाचा कायदेशीर अधिकार होतो. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गावाला तो २००९ साली मिळाला, सुमारे १,८०० हेक्टरवर. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांनी तिथे आधी वर्षानुवर्षं अभ्यासगट चालवला, निर्णय सर्वसहमतीने घ्यायची सवय लावली. हक्क त्यानंतर आला.

या हक्काचं वजन किती, ते ओडिशातल्या नियमगिरीने दाखवलं. डोंगरमाथ्यावरचं बॉक्साइट, खाली झरे, वंशधारा नदीचा उगम त्याच रांगेत. तुमच्या सड्याचंच मोठं रूप म्हणा. १८ एप्रिल २०१३ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने प्रश्न ग्रामसभांकडे पाठवला. त्या पावसाळ्यात जिल्हा न्यायाधीश दर्जाच्या निरीक्षकासमोर १२ ग्रामसभा झाल्या आणि बाराच्या बारांनी नकार दिला. जानेवारी २०१४ मध्ये केंद्राने खाणीला मंजुरी नाकारली. डोंगरिया कोंध लोकांनी आपला डोंगर नियमराजाचा आहे, कुठे काय पिकतं, कुठलं पाणी कुठे जातं हे सांगितलं. त्यांनी डोंगराचं वर्णन केलं आणि तेच न्यायालयाने मागवलं होतं.

तेव्हा ग्रामसभेच्या संमतीचा आधार २००९ च्या केंद्राच्या परिपत्रकात होता. २०२२ च्या वनसंवर्धन नियमांनी ती तपासणी केंद्राच्या पायरीवरून काढून राज्यावर ढकलली. म्हणजे हक्कांची चौकशी होण्याआधीच दिल्लीची मंजुरी येऊ शकते. वनहक्क कायदा मात्र तोच आहे, ग्रामसभेला जंगल राखण्याचा अधिकार देणारं कलम ५ तेच आहे. दावा दाखल असणं, त्याची पोच हातात असणं याला म्हणूनच आता पूर्वीपेक्षा जास्त महत्त्व आलंय. कुणी विचारायला येईल याची वाट पाहू नका.

तुमच्या भागाचा इतिहास तुमच्या बाजूने बोलतो. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट समितीकडे सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातल्या २५ गावांच्या ग्रामसभांनी स्वतःहून ठराव पाठवले होते की आमचं गाव पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रात घ्या. समितीचा अहवाल २०११ साली आला आणि त्या ठरावांची नोंद त्यात झाली. पुढे वनशक्ती आणि आवाज फाउंडेशन यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ पासून या पट्ट्यात वृक्षतोडीला अंतरिम बंदी घातली आणि मार्च २०२४ मध्ये ठराविक मुदतीत संवेदनशील क्षेत्र जाहीर करण्याचा आदेश दिला. मधल्या दहा-अकरा वर्षांत सरपंच बदलले, आमदार बदलले, अधिकारी किती बदलले त्याची गणती नाही. ते ठराव मात्र तिथेच राहिले. कागद इतका काळ टिकतो म्हणून मी त्याच्यामागे लागतो. माणसं थकतात, मोर्चे विरतात, तो राग खरा असला तरी.

संवेदनशील क्षेत्राबद्दल गावात हमखास एक अफवा येईल: घर बांधता येणार नाही, कौलं बदलता येणार नाहीत, लाकूडफाटा बंद. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राची केंद्राची मसुदा अधिसूचना २०१४ पासून निघतेय, ३१ जुलै २०२४ ला सहाव्यांदा निघाली. ती घ्या आणि चावडीवर मोठ्याने वाचा. तिच्यात बंदी आहे ती खाणी, दगडखाणी, वाळूउपसा, नवे औष्णिक वीजप्रकल्प, अति प्रदूषण करणारे नवे उद्योग आणि २०,००० चौरस मीटर व त्यावरची बांधकामं यांना. तुमच्या गावात २०,००० चौरस मीटरचं घर कुणी बांधणार आहे का, एवढंच विचारा.

आता दोन तटांचं. यावर मला सगळ्यात जास्त काळजी वाटते, कारण गाव फुटलं तर वरची सगळी मेहनत वाया जाते. ज्याने डंपर घ्यायचं ठरवलंय, ज्याच्या पोराला सुपरवायझरची नोकरी कबूल केलीय, तो तुमचा शत्रू नाही. त्याला आंब्याने दोन वर्षं दगा दिलाय, काजूला भाव नाही, मुलगा पुण्यात बारा हजारांवर राबतोय. त्याच्याशी डोंगराच्या पवित्रतेवर वाद घालू नका. त्याच्यापुढे हिशेब ठेवा. गोव्यात २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा कर्ज काढून ट्रक घेतलेल्या कुटुंबांच्या दारात ट्रक उभे राहिले आणि हप्ते चालू राहिले. सरकारला कर्जसवलतीची योजना काढावी लागली. ती कुटुंबं तुमच्यापासून फार लांब नाहीत. चार जणांना घेऊन जा, त्यांच्याच तोंडून ऐकू दे. दोडामार्ग तालुक्यातल्या कळणे गावीही न्या. २९ जुलै २०२१ ला तिथल्या लोहखनिजाच्या खाणीची कड फुटली आणि चिखलाचं पाणी घराबागांत शिरलं. बोलायचं काहीच नाही, फक्त बघून यायचं.

गावात एकमेकांना वाळीत टाकण्याची भाषा सुरू झाली की ती पहिल्याच दिवशी थांबवा. हाक मारणं बंद करू नका, लग्नकार्याला जाणं बंद करू नका. आज खाणीच्या बाजूने असलेला माणूस सहा महिन्यांनी तुमच्याकडे कागद घेऊन येतो, कारण त्याला कबूल केलेले पैसे मिळालेले नसतात. त्याला यायला वाट ठेवा.

आणि चाकरमान्यांना विसरू नका. सामायिक सातबाऱ्यावर तीस-चाळीस नावं असतात, त्यातली निम्मी लालबाग, डोंबिवली, विरारला. दलाल गावात येण्याआधी तिकडे जातात. "तुमच्या वाट्याची पडीक जमीन आहे, कशाला उपयोग, सही करा" म्हणत कुळमुखत्यारपत्र करून घेतात. गावाला कळतं तेव्हा फेरफार पडलेला असतो. या रविवारी मुंबईतल्या गावमंडळाची बैठक लावा, सातबारे समोर ठेवा, प्रत्येक सामायिकदाराला फोन करा. कोऱ्या मुद्रांकावर किंवा न वाचता सही नाही, एवढा एकच निर्णय घ्या. ज्यांनी आधीच सही दिलीय त्यांना दोष न देता त्या कागदाची प्रत मागा आणि वकिलाला दाखवा. गणपती-शिमग्याला एकत्र आलेलं गाव फार मोठं असतं, पण खाणीची माणसं शिमग्याची वाट बघत नाहीत.

कोर्टाबद्दल तुम्ही विचारलंय म्हणून सांगतो. पर्यावरण मंजुरी मिळाली तर राष्ट्रीय हरित लवादाकडे अपील करायला ३० दिवस असतात, समर्थनीय कारण दाखवलं तर आणखी ६० मिळू शकतात, त्यापुढे एक दिवसही नाही. आपल्याला पुण्याचं खंडपीठ. भरपाई मागत नसाल तर अर्जाचं शुल्क एक हजार रुपये. मंजुरी मिळाल्यावर सात दिवसांत कंपनीने दोन स्थानिक वर्तमानपत्रांत जाहिरात द्यायची असते. ती अशा पानावर येते की नजरेतून सुटावी. म्हणून गावातल्या दोघांना काम द्या: एकाने रोज परिवेश उघडायचं, एकाने वर्तमानपत्रातल्या जाहिराती वाचायच्या. दिवस मंजुरी पोर्टलवर चढल्यापासून मोजा. किती चांगली प्रकरणं मुदतीत बसली नाहीत म्हणून दाखलच झाली नाहीत, ते आठवलं की मला अजून वाईट वाटतं. पर्यावरण मंजुरी, वनमंजुरी, प्रदूषण मंडळाची संमती हे दरवाजे वेगवेगळे आहेत. एक उघडला म्हणून सगळे उघडले असं नसतं. प्रत्येकाची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

मोठ्या संस्थांना बोलवा, पण तुमची वही तयार झाल्यावर. गोव्यात मोले अभयारण्यातून रेल्वेचं दुपदरीकरण, चौपदरी रस्ता आणि वीजवाहिनी न्यायचं ठरलं, तेव्हा विद्यार्थी, संशोधक, चित्रकार, वकील आणि गावकरी सगळे उतरले. नोव्हेंबर २०२० मध्ये चांदरला लोक मध्यरात्री रुळांवर बसले. ती रात्र सगळ्यांच्या लक्षात आहे आणि राहावीही. पण सर्वोच्च न्यायालयाच्या मध्यवर्ती समितीपुढे संशोधकांची सविस्तर निवेदनंही गेली होती. समितीने दुपदरीकरणाविरुद्ध अहवाल दिला आणि ९ मे २०२२ ला न्यायालयाने त्या प्रकल्पाला वन्यजीव मंडळाने दिलेली मान्यता रद्द केली. नव्याने अभ्यास करून पुन्हा मागायची मुभाही त्याच निकालात आहे. म्हणजे तिथलं कामही संपलेलं नाही.

तुमचंही एका सुनावणीत संपणार नाही. प्रस्ताव मागे घेतला गेला तरी खनिज तिथेच असतं आणि पाच-सात वर्षांनी दुसऱ्या नावाने अर्ज येतो. म्हणून शांततेच्या काळात सड्याला काहीतरी कायदेशीर कवच मिळवा. तिलारीचा २९.५३ चौरस किलोमीटरचा संवर्धन राखीव २०२० मध्ये झाला. आंबोलीच्या हिरण्यकेशी उगमाची जागा तिथल्या नव्याने सापडलेल्या माशासाठी जैविक वारसास्थळ झाली, अवघी २.११ हेक्टर. देवरहाटी आणि सड्यावरच्या खळग्यांसाठी तुमच्या ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीमार्फत असा प्रस्ताव पाठवता येतो. समिती कागदावर असेलच. लोकजैवविविधता नोंदवही मागवून बघा. बहुतेक ठिकाणी ती कुणा बाहेरच्याने आठवड्यात उरकलेली असते. ती बाजूला ठेवा आणि आपली लिहा.

तर या रविवारी सकाळी सात वाजता. बादलीवर पंधरा लिटरची खूण आतून रंगाने करून घ्या, नुसत्या अंदाजावर भरू नका. वहीच्या पहिल्या ओळीत तारीख, झऱ्याचं नाव, मोजणाऱ्याचं नाव. बरोबर एखाद्या जाणत्या माणसाला घ्या, ज्याला सड्यावरचे सगळे उगम ठाऊक आहेत, आणि एखाद्या आठवीतल्या मुलीला, जिचं अक्षर चांगलं आहे. पाऊस लागायच्या आत निदान पाच मोजण्या व्हायला हव्यात. एकदा सरी सुरू झाल्या की उन्हाळ्याचा आकडा पुढच्या वर्षीपर्यंत मिळत नाही.